सरहद्दीवरील तुमसर

गतवर्षीं आमच्या वर्गांत एक लहानशी गोष्ट घडली. बालाघाटकडून नव्यानें आलेल्या एका मुलास त्याच्या सोबत्यांनीं 'परराज्यांतला' म्हणून चिडविलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. परंतु मधल्या सुटींत त्यानें आपला डबा एकट्यानेंच खाल्ला. विचार करतां आमच्या ध्यानांत आलें कीं, या चुकींत आमचाही वांटा आहे. आम्ही भिंतीवर नकाशा टांगतों, सरहद्दीची रेघ दाखवितों. पण ती रेघ केव्हां व कशी ओढली गेली हें सांगावयाचें राहून जातें. ती उणीव भरून काढण्यासाठीं आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडील तुमसर या गांवाची माहिती येथें देत आहों.

प्रथम भूगोल पाहूं. भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोंकास तुमसर तालुका असून त्यापलीकडे मध्यप्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. सातपुड्याचे फांटे येथवर उतरत आले आहेत; अंबागड व गायमुख यांच्या टेंकड्या त्यांपैकींच होत. वैनगंगा शिवनी जिल्ह्यांत उगम पावते व मोठें वळण घेऊन बालाघाटाकडून आपल्या जिल्ह्यांत शिरते. शिवनीकडूनच येणारी बावनथडी कांहीं अंतर दोन राज्यांची सीमा होऊन वाहते व पुढें वैनगंगेस मिळते. या नद्यांच्या खोऱ्यांतील जमीन व भरपूर पाऊस धानास मानवतो. म्हणून तुमसर ही तांदळाची मोठी बाजारपेठ झाली. डोंगराच्या पोटांत मँगनीज आहे. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणी प्रसिद्ध असून हल्लीं त्या मॉइल या सरकारी कंपनीकडे आहेत. हें खनिज पोलाद करण्यास लागतें आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज कोरड्या बॅटऱ्यांच्याही उपयोगीं पडतें.

आतां इतिहासाकडे वळूं. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख देवगडच्या गोंड राज्यांत होता. नागपूर शहर वसविणारा राजा बख्त बुलंद याच्या वतीनें राजाखान पठाण हा येथील कारभार पाही. अंबागडचा किल्ला त्यानेंच बांधविला. अठराव्या शतकांत सत्ता नागपूरकर भोसल्यांकडे गेली व त्यांनीं या किल्ल्याचा तुरुंग केला. 1853 सालीं तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, तेव्हां इंग्रजांनीं राज्य खालसा केलें. 1861 सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. पुढें 1880 च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग आला. त्यावरील तुमसर रोड हें स्टेशन देव्हाडी येथें आहे. तेथून तिरोडीकडे फांटा निघाला व सरहद्दीपलीकडील मँगनीजही याच वाटेनें बाहेर जाऊं लागलें. 1942 च्या ऑगस्टमधील चळवळींत तुमसर येथें गोळीबार झाला व कांहीं देशभक्तांनीं प्राण अर्पण केले.

आतां त्या रेघेची हकीकत ऐका. 1867 च्या सुमारास भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे कांहीं भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा बनविण्यास आरंभ झाला; म्हणजे त्याचा कांहीं भाग पूर्वीं भंडाऱ्याचाच होता! त्यानंतरही दोन्ही जिल्हे एकाच प्रांतांत राहिले. 1950 सालीं त्या प्रांतास मध्यप्रदेश हें नांव मिळालें, तेव्हां त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजीं भाषेच्या तत्त्वावर राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यांत गेला, बालाघाट मध्यप्रदेशांत राहिला; आणि 1 मे 1960 पासून आपण महाराष्ट्रांत आहों. राज्यकारभारास सीमा हवी हें खरें. परंतु पोवारी बोली आजही दोन्ही तीरांवर बोलली जाते, आणि सोयरिकी करतांना कोणी नकाशा उलगडून बसत नाहीं.

असें अन्यत्रही घडलें आहे. आल्प्स पर्वतांतील ब्रेनर खिंडीच्या दोन्ही अंगांस जर्मन बोलणारे लोक राहत. पहिल्या महायुद्धानंतर 1919 च्या तहानें तेथें आस्ट्रिया व इटली यांची सरहद्द ठरली आणि एका भाषेचे लोक दोन राष्ट्रांत वांटले गेले. पुढें 1998 सालीं तेथील नाक्यावरची तपासणी उठविण्यांत आली. आपल्याकडे तर सीतेकसा येथें बावनथडीवर दोन राज्यांनीं मिळून धरण बांधलें आहे. त्याचें पाणी भंडारा व बालाघाट या दोहोंच्याही शेतांस मिळतें.

मुलांनो, सुटींत एवढा अभ्यास करा. तालुक्याचा नकाशा काढून त्यांत बावनथडी, अंबागड, खाणी व लोहमार्ग दाखवा. मग घरांतील वडील माणसांस विचारा कीं, आजीचें माहेर कोणतें, आत्या कोठें दिली, धान कोणत्या बाजारीं नेत असत. तीं सर्व गांवें नकाशावर मांडा. रेघेच्या पलीकडेही कांहीं येतात कीं नाहीं तें पाहा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, त्यांनीं या कामीं मुलांस साहाय्य करावें.

आणि एक गोष्ट विसरूं नका. त्या मुलाचे आजोबा जन्मले तेव्हां त्यांचें गांव व आपलें गांव एकाच प्रांतांत होतें. हें वर्गांत सांगितल्यावर दुसऱ्या दिवशीं त्याच्या डब्याभोंवतीं चार डबे उघडलेले आम्हीं पाहिले. आमच्या धड्याची परीक्षा तेथेंच झाली.