सूत्रकृमीचे वर्तन जाणा, मगच उपाय योजा

टोमॅटो, वांगी किंवा भेंडीचे झाड उपटले असता मुळांवर गाठी दिसतात. हे सूत्रकृमीचे काम, हे आपण जाणताच. दाणेदार औषध टाकल्यावर पीक काही दिवस सुधारते आणि पुन्हा पिवळे पडते, असा अनुभवही अनेकांना आला असेल. असे का होते, हे समजण्यास प्रयोगशाळेतील एका निरुपद्रवी सूत्रकृमीची मोठी मदत झाली आहे.

प्रयोगशाळेतील सूत्रकृमी

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा सुमारे १ मिलिमीटर लांबीचा पारदर्शक कृमी जिवाणू खाऊन जगतो. पिकास अपाय करीत नाही. इंग्लंडमधील केंब्रिज येथे सिडनी ब्रेनर यांनी १९६० नंतरच्या दशकात त्याची अभ्यासासाठी निवड केली. २० अंश सेल्सिअस तापमानात साधारण साडेतीन दिवसांत त्याची पिढी पूर्ण होते. त्याच्या उभयलिंगी प्रौढात मज्जापेशी अवघ्या ३०२ असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला.

वर्तनाची तपासणी

पापणीच्या केसाने डोक्याकडे हलका स्पर्श केला की हा कृमी मागे सरकतो. शेपटीकडे केला की पुढे जातो. ठरावीक मज्जापेशी लेसर किरणांनी नष्ट केल्या तर त्याला असा स्पर्श कळत नाही. कोणती पेशी कोणते काम करते, हे अशा रीतीने समजते. वास आणि चव ओळखणाऱ्या पेशी मुख्यतः डोक्याकडे असतात. पिकावरील सूत्रकृमीची पिल्लेसुद्धा मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांच्या मागावर मुळांपर्यंत पोहोचतात.

औषध नेमके काय करते?

मज्जापेशी ॲसिटिलकोलीन या द्रव्याद्वारे स्नायूंना आकुंचनाचा संदेश देते. काम झाल्यावर एक विकर ते द्रव्य मोडते. कार्बामेट गटातील औषधे या विकरास अडवितात. मग स्नायू आखडतात व कृमी लुळा पडतो. मात्र लुळा पडलेला कृमी मेलेलाच असतो असे नाही. जमिनीत औषधाचे प्रमाण कमी राहिले व पुढे ओसरले, तर अनेक कृमी पुन्हा हालचाल करू लागतात आणि मुळे शोधतात. अंडीपुंजातील अंडी तर बरीचशी सुरक्षितच राहतात.

हेच विकर आपल्या व जनावरांच्या शरीरातही असते. म्हणून अशी औषधे उघड्या हातांनी कधीही टाकू नयेत.

आपण काय करावे?

१) केवळ औषधावर विसंबू नये.
२) उन्हाळ्यात दोन-तीन वेळा खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी.
३) पिकांच्या फेरपालटीत झेंडू घ्यावा.
४) लागवडीपूर्वी निंबोळी पेंड जमिनीत मिसळावी.
५) रोपे गाठीविरहित असल्याची खात्री करावी.
६) काढणीनंतर गाठी असलेली मुळे वेचून जाळावीत.

औषध वापरणे भागच पडले, तर त्या पिकासाठी शिफारस केलेलेच औषध योग्य वेळी व योग्य मात्रेत वापरावे. तत्पूर्वी मुळांसह मातीचा नमुना जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवावा. रोगाचे निदान आधी झाले, तर औषधाचा निष्फळ खर्च निश्चितच वाचेल.