पदवी आणि विद्या

भौतिकशास्त्र हे आयुष्यभराचे कार्य म्हणून पत्करू इच्छिणाऱ्या तरुणापुढे पहिला प्रश्न पदवीचा असतो. पदवीवाचून संशोधनसंस्थेचे द्वार सहसा उघडत नाही, हे खरे. तथापि, पदवी आणि विद्या यांतील अंतर ॲना मणी यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

मणी यांचा जन्म १९१८ साली त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ऑनर्स पदवी घेतल्यावर १९४० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. तेथे त्यांनी हिरे व माणके यांच्या वर्णपटांचा अभ्यास आरंभिला. हिऱ्यावर प्रकाश पाडला असता तो स्वतःही प्रकाश देऊ लागतो. परंतु हा प्रकाश इतका मंद असतो की, त्याचा वर्णपट छायाचित्रणाच्या काचेवर उमटण्यास १५ ते २० तास लागत. मणी कित्येकदा रात्री प्रयोगशाळेतच काढीत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावाने पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ च्या ऑगस्टमध्ये आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला.

विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. त्यांच्यापाशी एम. एस्सी. ही पदवी नाही, एवढेच कारण त्याला पुरे झाले. नियमापुढे पाच वर्षांच्या परिश्रमांचे मोल उरले नाही.

त्याच वर्षी मणी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. त्यांची इच्छा भौतिकशास्त्राच्या संशोधनाची होती; शिष्यवृत्ती मात्र हवामानशास्त्रीय उपकरणांच्या अभ्यासासाठी होती. त्यांनी ती स्वीकारली. १९४८ मध्ये परतल्यावर त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. साधी उपकरणेही तेव्हा बहुतांशी परदेशातून येत. मणी यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशातच बनविण्याची व्यवस्था केली. १९५३ पर्यंत त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि १२१ पुरुष त्यांच्या हाताखाली काम करीत होते. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात त्यांनी सूर्यापासून येणारी ऊर्जा मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे देशभर उभारले. चुकीचे मापन हे मापनाच्या अभावाहून वाईट, अशी त्यांची धारणा होती. मंद प्रकाशाची एकेक रेषा निश्चित करताना बाणलेली काटेकोर वृत्ती येथे सूर्यप्रकाश मोजताना उपयोगी पडली. विषय बदलला, पण शिस्त तीच राहिली.

१९७६ साली निवृत्त झाल्यावर मणी बंगळूरला परतल्या आणि रामन संशोधन संस्थेत अभ्यागत प्राध्यापक झाल्या. भारतावर पडणाऱ्या सौर ऊर्जेविषयीचे त्यांचे दोन ग्रंथ १९८० व १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. सौर ऊर्जेची यंत्रणा उभारणाऱ्या अभियंत्यांना अशाच आकड्यांचा आधार घ्यावा लागतो. १९४५ चा तो प्रबंध याच संस्थेच्या ग्रंथालयात जतन करण्यात आला आहे.

या यशामुळे मूळ निर्णय न्याय्य ठरत नाही. पदवीच्या अटी पूर्ण करण्याची दक्षता विद्यार्थ्याने घ्यावी, हेच शहाणपणाचे. मात्र प्रयोगशाळेत मिळविलेली विद्या कोणत्याही विद्यापीठाला परत घेता येत नाही, हेही त्याने विसरू नये.