आधी पायानं, मग चाकानं

पोरी, जीप तू चालवणार आहेस, याचा तुझ्या मामाला मनापासून आनंद आहे. शनिवारी सकाळी जावईबापू, दोन्ही लेकरं आणि तुझी आई यांना घेऊन त्र्यंबक, पहिने, वैतरणा असं फिरून रविवारी संध्याकाळी परत यायचं म्हणतेस. बेत चांगला आहे. चावी घेऊन जा, पण जुन्या गाडीच्या काही गोष्टी कुठं लिहिलेल्या नसतात. त्या ऐकून मग नीघ.

दिवस तू बरोबर निवडलास, दसरा झाल्यावरचे. हा बेत जुलै-ऑगस्टचा असता तर मी चावी दिली नसती. आपल्याकडं नाशिकात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस, आणि तासाभराच्या अंतरावर इगतपुरीत 3000च्या वर. आपल्या अंगणात भुरभुर असते तेव्हा घोटीच्या पुढं ओढे दुथडी भरून वाहत असतात. ऑगस्ट 2022 मध्ये दुगारवाडीच्या धबधब्यापाशी अचानक पाणी वाढलं आणि पर्यटक पलीकडं अडकले, त्यात एक जीवही गेला. आपण उभे असतो तिथं ऊन पडलेलं असतं आणि पाणी वरच्या डोंगरातून येतं. तेव्हा ऑक्टोबर असला तरी ओढ्याच्या पात्रात गाडी लावून डबे सोडून बसायचं नाही. बसायचं ते काठावर, उंचावर.

आता गाडी ओळखून घे. आपली सीजे-3बी, 1962ची. जीपवाले हिला हाय बॉनेट म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलीज कंपनीनं लष्करासाठी जी जीप काढली, तिच्याच वंशातली ही. 1953ला या मॉडेलात नवं इंजिन आलं, त्याचा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, इंजिन उंच झालं आणि त्यासाठी बॉनेटही उंच करावं लागलं. महिंद्रानं या जीप आधी मुंबईत माझगावला जोडल्या, पुढं भारतातच बनवल्या. अमेरिकेत हे मॉडेल 1968ला बंद पडलं, आपल्याकडं मात्र ते पुढं बरीच वर्षं चाललं, म्हणून हिचे स्पेअर पार्ट अजून मिळतात. इंजिन 2.2 लिटरचं, गिअर तीन. हायवेवर ताशी साठच्या पुढं हिला पळवू नकोस. मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

गिअरच्या दांडीशेजारी दोन लहान दांड्या आहेत. एकीनं पुढची चाकं जोडली जातात, दुसरीनं हाय-लो होतं. आधी पुढची चाकं जोडायची, मग लो टाकायचा, आणि लो टाकायचा तो गाडी पूर्ण उभी करून. लोमध्ये ओढ जवळजवळ अडीचपट होते आणि वेग तेवढाच कमी. पहिला गिअर चालत्या गाडीत पडत नाही, नुसता खरखरतो. म्हणून चढ किंवा उतार समोर दिसला की अलीकडंच थांब, जे टाकायचं ते टाक आणि मगच चाक पुढं घाल. अर्ध्या चढावर दांड्या हलवायला गेलीस तर गाडी न्यूट्रलमध्ये मागं सुटते, आणि या जुन्या ड्रम ब्रेकांवर भरल्या गाडीला तिथं रोखणं फार अवघड.

डांबरावर आलीस की पुढची चाकं लगेच सोडव. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. मातीत चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर निघत नाही. मग सगळा ताण शाफ्टच्या क्रॉसवर आणि गिअरवर येतो, गाडी बांधल्यासारखी ओढत चालते आणि दांडी अडकून बसते. अडकलीच तर हिसके देऊ नकोस. सरळ रेषेत थोडी मागं घे, आपसूक सुटेल.

या सगळ्याच्या आधीची गोष्ट आता सांगतो. जिथं चाक घालायचं तिथं आधी पाय घाल. रस्ता नजरेआड होत असेल, ओढा असेल, चिखल असेल, गवत उंच असेल, तर गाडी बंद कर, गिअरमध्ये ठेव, उतर आणि पलीकडंपर्यंत चालत जाऊन ये. कुठला दगड डिफरन्शियलच्या गोळ्याला लागेल, चाकोरी किती खोल आहे, पलीकडं गाडी वळवायला जागा आहे का, हे पायालाच कळतं. फोर व्हील आहे म्हणून माणूस बेफिकीर होतो. साधी गाडी पहिल्या चिखलात अडकते आणि तिला दोन माणसं ढकलून काढतात. जीप त्या चिखलातून निघून आणखी आत जाते आणि जिथं अडकते तिथं ट्रॅक्टरही यायला कचरतो. म्हणून टू व्हीलमध्ये जाता येईल तेवढं टू व्हीलमध्येच जा. फोर व्हील परत यायला राखून ठेव.

जमिनीचं म्हणशील तर निफाड-सिन्नरकडची काळी माती आणि त्र्यंबककडची तांबडी, दोघींचा स्वभाव निराळा. काळी ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथं जीप नेऊच नये, वाळेपर्यंत थांबावं. तांबड्या मातीखाली बहुतेक मुरूम किंवा कातळ असतो, तिथं चाक घसरतं पण खाली काहीतरी लागतं. खरा दगा देते ती तिसरी जमीन, वैतरणा किंवा भावलीच्या धरणाच्या काठची. पाणी उतरू लागलं की गाळ उघडा पडतो. उन्हानं वरची साय वाळते, तिला भेगा पडतात, वर पोरं क्रिकेटसुद्धा खेळतात. माणसाला ती पेलते, गाडीला पेलत नाही. वीतभर साय फुटली की खाली लोण्यासारखा गाळ, आणि जीप ॲक्सलच्या हाऊजिंगपर्यंत बसते. मग फिरणारं चाक तिला आणखी खालीच नेतं. तिथं चालत जाऊनही उमगत नाही, म्हणून कुऱ्हाडीचा दांडा किंवा पहार घेऊन खुपसून बघ. हातभर सहज आत गेली तर मागं फीर. पाण्याकाठी फोटो हवा असेल तर गाडी गवताच्या रेषेवर ठेव, तिथून पाणी दिसतंच.

वाट विचारायची तर तीही रीत आहे. ‘गाडी जाते का’ असं विचारलंस तर वाडीवरचा माणूस जातेच म्हणेल, कारण त्याच्या डोळ्यांसमोर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर असतो आणि पाहुण्याला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येतं. ‘या आठवड्यात कोणती गाडी गेली, पाणी कुठवर लागतं’ असं विचार. त्र्यंबक-घोटीकडं काळी-पिवळी चालवणारे भेटले तर त्यांच्याकडं आधी विचार, त्यांना प्रत्येक वळणाची खबर असते. आणि भाताच्या खाचरांचं मी पुन्हा पुन्हा सांगीन. पीक त्या दिवसांत काढणीला आलेलं असतं. बांध म्हणजे रस्ता नव्हे. जीपचं एक चाक बांधावरून गेलं की तो दबतो, पुढच्या पावसात तिथूनच फुटतो आणि त्या शेतकऱ्याचं सगळं खाचर कोरडं पडतं. वळायला जागा नसेल तर पाव किलोमीटर उलटी ये, पण बांध तुडवू नकोस.

वनखात्याच्या हद्दीत गाडी घालायची नाही, हे तुला माहीत आहेच. अंजनेरीच्या पठाराकडं तर विचारही नको. कातळावर चार बोटं मातीचा थर असतो आणि त्यात अंजनेरीच्याच नावाची सेरोपेजिया उगवते. जगात फार थोड्या जागी ती आहे. टायरचा एक ओरखडा तिथं वर्षानुवर्षं भरून येत नाही. तिथं पायीच जा, लेकरांना फुलं दाखव.

चालवताना स्टेअरिंग धरायची सवय बदल. अंगठे आत घालून मूठ वळायची नाही, अंगठे रिमवरच ठेवायचे. पुढचं चाक दगडाला धडकलं की या जुन्या स्टेअरिंगचा आरा गरकन फिरतो आणि आत असलेला अंगठा मोडतो. उतारावर पहिला गिअर, लो, क्लचवरचा पाय काढलेला, ब्रेक शक्यतो नाही. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पाय खाली ठेवलास की भीती वाटेल, वाटू दे, पण क्लच दाबू नकोस. उतार सरळ उतरायचा. तिरकं गेलं की जीप आडवी होते, ही गाडी अरुंद आणि उंच आहे.

चढ, उतार, ओढा, चिखल, अशा प्रत्येक जागी तुझ्याशिवाय गाडीत कुणी नाही. बेल्ट नाहीत, दरवाजे नाहीत, मागं आडवे बाक आहेत. लेकरं आणि आई खाली उतरून चढाच्या बाजूला, गाडीपासून लांब उभी राहतील. जावईबापूंनी समोर उभं राहून हात दाखवायचे, आणि ते एकट्यांनीच. चार जण चार दिशांना हात दाखवायला लागले की चालवणाऱ्याचा घात होतो. हात दाखवणाऱ्यानं गाडी आणि दगड यांच्या मधे कधी उभं राहू नये, गाडीच्या खालच्या अंगाला तर नाहीच. त्यांनी ‘थांब’ म्हटलं की तू थांबायचंस, कारण विचारायचं ते नंतर. हे घरून निघण्याआधीच दोघांनी बोलून ठेवा, चढावर वाद नको. मोठ्याला हवेचं मीटर दे, धाकटीला चाकाला अडवायची उटी सांभाळायला दे. पोरांच्या हातात काम असलं की ती गाडीखाली घुसत नाहीत.

उटीचं नीट ऐक. आपल्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागं, शाफ्टवर आहे. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियल सैल पडतं आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून निसटते. पंक्चर झालं तर जॅकला हात लावण्याआधी दुसऱ्या एका चाकाला पुढून-मागून उटी लाव. लाकडाच्या दोन मागच्या बाकाखाली आहेत. सगळ्यांना मागं सार, मगच जॅक चढव.

टायरची हवा 26 ते 28 पौंड असते. मऊ जमिनीवर 18पर्यंत उतरव, त्याखाली नको. आत ट्यूब आहे, टायर रिमवर सरकला की व्हॉल्व्ह फाटतो. डांबरावर येण्याआधी पंपानं भर, पंप गाडीतच ठेवला आहे.

पेट्रोलची टाकी तुझ्याच सीटखाली आहे. वास आला की गाडी बंद कर आणि आधी माणसं उतरव. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं, जुनं रबर त्यात फुगतं. मी सगळे पाइप आणि पंपाचा पडदा बदलून घेतला आहे, तरी सकाळी निघताना एकदा हात फिरवून बघ. ऑक्टोबरच्या उन्हात चढावर गाडी अचानक गुदमरली तर बहुतेक पंपात पेट्रोलची वाफ धरलेली असते. बॉनेट उघड, पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं टाक, पंधरा मिनिटं थांब. तोवर शिदोरी सोडा. सेल्फ मारत बसलीस तर बॅटरी उतरेल.

ओढ्यात गुडघ्याच्या वर ओढ लागत असेल तर जायचंच नाही. त्याखाली असेल तर आधी काठावर गाडी थोडी निवू दे, कारण तापलेलं हाऊजिंग थंड पाण्यात शिरलं की पाणी आत ओढून घेतं. पाणी ॲक्सलच्या वर असेल तर फॅन बेल्ट सैल करून काढ, नाहीतर पंखा सगळं पाणी डिस्ट्रिब्युटरवर उडवतो. सावकाश जा, समोर लाट राहील एवढ्याच वेगानं, आणि मधे गिअर बदलू नकोस. बाहेर आल्यावर ब्रेक थोडे थोडे दाबत चार पावलं चालव, ते कोरडे होतात. ओले ब्रेक असताना उतार लागला तर गाडी थांबत नाही.

अडकलीस तर दोर चॅसिसच्या हुकाला लाव, बंपरला नाही. दोरावर ओलं पोतं टाक, म्हणजे तुटला तरी तो उसळत नाही, आणि माणसं दोराच्या दुप्पट लांब उभी कर. टोचन करायला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला तर त्याला डिझेल आणि वेळ दोन्हींचे पैसे दे. नको म्हणाला तरी दे, तो स्वतःचं काम टाकून आलेला असतो.

कागद मी डॅशच्या खणात ठेवलेत. विंटेजची व्हीए नंबरप्लेट घ्यायचा आग्रह काहीजण धरतात, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021पासून ती मिळते. पण मग गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच राहते. आपण साधं नोंदणी-नूतनीकरणच करत आलो आहोत, जुना नंबर तसाच आहे.

रविवारी परत आलात की दमलेले असाल, तरी आंघोळीआधी गाडीला पाणी मारा, वरून नाही, खालून. चॅसिसच्या पोटात अडकलेला चिखल महिनाभर ओलावा धरतो आणि पत्रा तिथूनच खातो. ओढा ओलांडला असेल तर त्याच रात्री पाट्यांच्या शॅकलना, क्रॉसना ग्रीस मार. आतलं पाणी ढकललं जाऊन निपलच्या कडेनं स्वच्छ ग्रीस बाहेर दिसेपर्यंत. सोमवारी सकाळी दोन्ही हाऊजिंगचे आणि गिअरबॉक्सचे नट सोडून तेलात बोट घालून बघ. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. सगळं काढून नवं 90 नंबरचं भरेपर्यंत गाडी जागची हलवू नकोस, मी येतो.