घटक ४ : कोशनोंदीची पात्रता – एका घडवलेल्या विद्युत-वाद्याच्या निमित्ताने

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• ‘नोंदयोग्यता’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• एखाद्या वस्तूचे मूल्य आणि तिच्याविषयी उपलब्ध असलेला पुरावा यांतील फरक सांगता येईल.
• स्वतंत्र नोंद, अंतर्भूत उल्लेख आणि नोंद न करणे यांपैकी योग्य पर्याय कारणांसह निवडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठीतील कोशपरंपरेचा परिचय करून घेतला. श्री. व्यं. केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, पं. महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे आकारास आलेला मराठी विश्वकोश हे या परंपरेचे ठळक टप्पे होत. या सर्व संपादकांपुढे एक प्रश्न समान होता : काय घ्यावे आणि काय वगळावे?

एक कल्पित उदाहरण घेऊ. परभणी जिल्ह्यातील सेलू येथे विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने जुन्या बेंजोच्या कळा, गिटारचा दांडा आणि स्वतः गुंडाळलेल्या तारेचे पिकअप यांतून एक वेगळे वाद्य तयार केले. वरातीत आणि गणेशोत्सवात ते वाजते. पंचक्रोशीतील लोक आवाजावरूनच ते ओळखतात. त्या कारागिराच्या मुलीने, म्हणजे तुमच्यासारख्याच एका विद्यार्थिनीने, विचारले, “आमच्या वाद्याची नोंद ज्ञानकोशात का नाही?” उदाहरण कल्पित असले तरी प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर भावनेने नव्हे, तर कसोटीने द्यावयाचे आहे.

४.२ प्रकार आणि नग : बेंजोचे उदाहरण

महाराष्ट्रातील मिरवणुकांत ज्याला ‘बेंजो’ म्हणतात, ते अमेरिकेतील बँजो नव्हे. अमेरिकी बँजोला कातडे ताणून बसवलेले गोल अंग असते व त्याचे मूळ आफ्रिकी वाद्यपरंपरेत आहे. आपला बेंजो हा बुलबुलतरंगाचा विजेवर चालणारा अवतार होय. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ हे वाद्य तयार केले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तारेची लांबी बदलावयाची आणि दुसऱ्या हाताने ती छेडावयाची, ही त्याची रचना. हेच वाद्य भारतात येऊन बुलबुलतरंग झाले. पुढे त्याला पिकअप आणि ध्वनिवर्धक जोडले गेले व ते ढोल-ताशांच्या गजरातही ऐकू येऊ लागले. मुंबईतील बेंजोवादकांच्या जीवनावर रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, नावावरून वस्तू ओळखण्याची घाई कोशकाराने करू नये. एकाच नावाखाली दोन भिन्न वाद्ये असतील, तर वाचकाला तो भेद प्रथम सांगावा लागतो. दोन, बेंजो हा वाद्याचा ‘प्रकार’ आहे. त्याला उगम आहे, रचना आहे, प्रसार आहे आणि वापरणारा समाज आहे. म्हणून तो नोंदीस पात्र ठरतो. सेलूचे वाद्य मात्र एकुलता एक ‘नग’ आहे. प्रकाराची पात्रता नगाला आपोआप लाभत नाही.

४.३ एकाच नगाला नोंद मिळते काय?

मिळते. इंग्लंडमधील ब्रायन मे या तरुणाने वडिलांच्या मदतीने १९६३ पासून घरीच एक विद्युत गिटार घडवली. तिच्या दांड्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले होते. पुढे ‘क्वीन’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणांत हीच ‘रेड स्पेशल’ गिटार वाजली आणि तिच्यावर विपुल लेखन झाले.

दुसरे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. नेदरलँड्समधील वाद्यनिर्माते युरी लांडमन यांनी २००६ साली अमेरिकेतील ‘लायर्स’ या वाद्यवृंदासाठी ‘मूडस्विंगर’ हे बारा तारांचे विद्युत-वाद्य बनवले. त्यात तारांखाली एक जादा दांडी आहे. तिच्यामुळे तारेचे दोन भाग पडतात. एक भाग छेडला असता दुसराही कंप पावतो आणि वरचे स्वरांश ऐकू येतात. दिसायला ते गिटारसारखे असले, तरी रचनेच्या दृष्टीने ते झिदरच्या वर्गात बसते.

घरगुतीपणा, ओबडधोबडपणा किंवा जोडकाम यांमुळे नोंद नाकारली जात नाही, हे येथे स्पष्ट होते. ‘रेड स्पेशल’ही जुन्या लाकडातूनच घडली. फरक पडतो तो इतरांनी त्या वाद्याविषयी काय आणि किती लिहून ठेवले यामुळे.

४.४ नोंदयोग्यतेच्या कसोट्या

मुद्रित कोशाला पृष्ठमर्यादा असते. म्हणून निवड अटळ ठरते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या महाजालावरील कोशाला तशी पृष्ठमर्यादा नाही. मग तेथे सर्वच का घेऊ नये? कारण जागा अमर्याद असली, तरी पडताळणी करण्याची जबाबदारी सुटत नाही. त्यासाठी पुढील कसोट्या उपयोगी पडतात :

(अ) स्वतंत्रता : लेखन निर्मात्याचे, त्याच्या आप्तांचे किंवा विक्रेत्याचे नसावे. निर्मात्याची मुलाखत उपयुक्त असते. परंतु “असे वाद्य प्रथम मीच केले” हा दावा केवळ तिच्या आधारे सिद्ध होत नाही.
(आ) विश्वसनीयता : लेखनामागे संपादन आणि उत्तरदायित्व असावे.
(इ) सखोलता : ओझरता उल्लेख पुरेसा नाही, रचना, वापर व परिणाम यांची माहिती हवी.
(ई) अनेकता : एकच बातमी तीन वृत्तपत्रांत जशीच्या तशी छापून आली, तर आधार एकच धरावा.

४.५ पुराव्याची विषमता

येथे एक गंभीर आक्षेप उद्भवतो. लेखन कोणाविषयी होते? लंडनच्या गिटारवर पुस्तके निघतात. सेलूच्या वाद्यावर स्थानिक वार्ताहराच्या चार ओळी आल्या, तरी पुष्कळ. मिरवणुकीत वाजवणाऱ्या कलावंताला लोक ऐकतात. त्याच्याविषयी लिहीत नाहीत. म्हणजे केवळ लेखी पुराव्यावर चालणारा कोश पूर्वीच्या उपेक्षेवर नकळत शिक्कामोर्तब करतो काय?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. परंतु कसोटी सैल करणे हा त्यावरील उपाय नव्हे. आधाराविना लिहिलेली नोंद उद्या कोणीही बदलील, कोणीही खोडील, आणि खरे काय हे ठरवण्यास काहीच उरणार नाही. तीत सर्वांत मोठी हानी त्या कारागिराचीच होईल. उपाय आहे तो पुरावा निर्माण करण्याचा : प्रत्यक्ष पाहणी, मोजमापे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रण, वादकांच्या मुलाखती आणि त्यांवर आधारलेला, संपादित नियतकालिकात प्रसिद्ध झालेला लेख. कोश हा ज्ञानसाखळीचा शेवटचा दुवा आहे. पहिला दुवा अभ्यासकाने जोडावयाचा असतो.

४.६ निर्णय

सेलूच्या वाद्याला आज स्वतंत्र नोंद देता येणार नाही. मात्र एखादा विश्वसनीय लेख उपलब्ध असेल, तर ‘बेंजो’ या नोंदीत स्थानिक रूपांतरांच्या परिच्छेदात त्याचा उल्लेख करणे योग्य ठरेल. स्वतंत्र व सखोल लेखन वाढल्यास निर्णयाचा पुनर्विचार करावा. ‘आज नोंद नाही’ या वाक्यात ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नोंद नाकारणे म्हणजे कलेचे मूल्य नाकारणे नव्हे, हे त्या विद्यार्थिनीला सांगितले पाहिजे. आणि लेखनाची सुरुवात इतर कोणी करील याची वाट पाहू नये, हेही. कन्या म्हणून तिने लिहिलेली नोंद स्वतंत्र ठरणार नाही. पण तिने जपलेली छायाचित्रे, तारखा आणि ध्वनिमुद्रणे दुसऱ्या अभ्यासकाच्या लेखाचा पाया ठरू शकतात.

४.७ सारांश

नोंदयोग्यता म्हणजे गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नव्हे. एखाद्या विषयावर पडताळता येईल अशी माहिती देणे शक्य आहे काय, याचा तो निर्णय असतो. प्रकार आणि नग यांत भेद करावा, नावांचा घोटाळा सोडवावा, आधार तपासावेत. जेथे आधारच नाहीत, तेथे ते का नाहीत, याचाही विचार करावा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. ‘प्रकार’ आणि ‘नग’ यांतील भेद बेंजोच्या आधारे स्पष्ट करा.
२. निर्मात्याची मुलाखत कोणत्या माहितीसाठी ग्राह्य व कोणत्या माहितीसाठी अपुरी ठरते?
३. ‘लेखी पुराव्याचा आग्रह उपेक्षितांवर अन्याय करतो.’ या विधानाची दोन्ही बाजूंनी चर्चा करा.

क्षेत्रीय कार्य
तुमच्या गावातील एखाद्या वाद्य-कारागिराची भेट घ्या. त्याच्या संमतीने एका वाद्याची रचना, साहित्य, मोजमापे आणि वापर यांची दोन पृष्ठांत नोंद करा. पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानाने ठरवलेले यांची माहिती वेगवेगळी लिहा.