साखरेच्या पोत्यातून जमिनीचे काय जाते?



उजनीच्या पाण्यावर आपण ऊस पिकवतो, त्याची साखर पोत्यात भरून बाहेर जाते. तिच्याबरोबर आपल्या रानाचा कस किती जातो? चला, हिशोबच मांडू.

शुद्ध साखरेच्या 100 किलोत कार्बन 42.1, हायड्रोजन 6.5 आणि ऑक्सिजन 51.4 किलो असतो. बेरीज पुरती 100. चौथ्या वस्तूला जागाच नाही.

आता अणूंचे प्रमाण काढू. एकूण वजनाला एका पोत्याच्या वजनाने भागले की पोती किती ते कळते, तसेच हे. प्रत्येकाच्या वजनाला त्याच्या अणुभाराने, म्हणजे अनुक्रमे 12, 1 आणि 16 ने भागू. आले 3.51, 6.5 आणि 3.21. सगळ्यांना सर्वांत लहान आकड्याने, 3.21 ने भागू. आले 1.09, 2.02 आणि 1. अणू काही अपूर्णांकात नसतो. म्हणून पूर्ण आकडे येईपर्यंत 2, 3, 4 असे गुणत जाऊ. 11 ला जमते: सुमारे 12, 22 आणि 11. हेच साखरेचे सूत्र.

म्हणजे साखर सारी हवा-पाण्याची! नत्र, स्फुरद, पालाश तिच्यात नाहीच. मग आपण घातलेले खत उसाने घेतले, ते गेले कुठे? वाढ्यात, पाचटात, प्रेसमडमध्ये अन् मळीत. पाचट पेटवले की त्यातला बहुतेक नत्र धुरावाटे जातो. तेव्हा आमचे सांगणे एवढेच: खोडव्यात पाचट न जाळता सरीत दाबा, प्रेसमड कुजवून रानात घाला. साखर विकू या, कस नको.