दंडावरचे दाणे घासून जात नाहीत

दिवाळी सरली की अजिंठ्याच्या घाटावर कोरडा वारा सुटतो आणि बाहीखालचा दंड किसणीसारखा हाताला लागतो. थंडी वाजत नसतानाही काटा उभाच. दंडाच्या मागच्या-बाहेरच्या बाजूला, कधी मांड्यांवर, लहान मुलांच्या गालांवरही.

डॉक्टर याला केराटोसिस पिलॅरिस म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी प्रकार साधा आहे. केस आणि नखं ज्या केराटिनची बनतात, तेच केसाच्या छिद्राशी साचतं आणि तिथे बूच बसतं. काही दाण्यांत आत एक बारीक केस वेटोळं घालून बसलेला असतो. हा मळ नाही, संसर्ग नाही आणि ‘उष्णता’ तर मुळीच नाही. आईच्या किंवा वडिलांच्या दंडावरून हात फिरवून पाहा, बहुधा तिथेही सापडेल. वयात येताना हे वाढतं, तिशीच्या पुढे बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. कायमचं घालवणारं औषध नाही. मऊ मात्र नक्की करता येतं.

मी नववीत होतो तेव्हा आजीने पायाच्या वजरीने माझे दोन्ही दंड घासले आणि वर लिंबू चोळलं. आठवडाभर शर्टाची बाही टेकवत नव्हती. दाणे जिथल्या तिथे राहिले. वर तपकिरी डाग आले, ते वर्षभर टिकले.

काय करावं

• आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत उरकावी. बंबातलं कढत पाणी अंगाला बरं वाटतं, पण त्वचेचं उरलंसुरलं तेल तेच नेतं.

• साबण काखा, जांघा आणि पायांपुरता ठेवावा. दंडाला नुसतं पाणी पुरतं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा चोथा होतो आणि तो अंगावरच राहतो.

• टॉवेलने पुसू नये, टिपावं. अंग ओलसर असतानाच, न्हाणीतून बाहेर पडायच्या आत, मलम लावावं. अर्ध्या तासाने लावलेलं तेच मलम निम्मंही काम करत नाही, हा माझा अनुभव.

• मलम घेताना डबीवरचं चित्र न पाहता मागची बारीक अक्षरं वाचावीत. युरिया 10 ते 20 टक्के, किंवा लॅक्टिक ॲसिड अथवा अमोनियम लॅक्टेट 12 टक्क्यांपर्यंत. युरिया पाणी धरून ठेवतो आणि बूच फुगवून सैल करतो. लॅक्टिक ॲसिड मेलेल्या पेशींना एकमेकींपासून सोडवतं. दोन्हींपैकी एकच निवडावं. आधी बोटभर जागेवर तीन-चार दिवस लावून पाहावं, मग रात्री दिवसाआड, सोसलं तर रोज. किंचित चुरचुर चालते. आग झाली तर धुऊन टाकावं आणि दोन-चार दिवस नुसत्या व्हॅसलिनवर थांबावं. फुटलेल्या, ओरखडलेल्या कातडीवर यातलं काहीच लावू नये.

• दीड महिना तरी द्यावा. सुधारणा डोळ्यांनी न शोधता तळहाताने शोधावी. आधी खरखर कमी होते, लाली बरीच मागे रेंगाळते. दंड मऊ झाला म्हणून मलम बंद केलं की बूच परत बसतं, म्हणून पुढेही आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवावं.

• ॲसिडचं मलम चालू असेल तर शेतात जाताना पूर्ण बाही घालावी. कापूस वेचायला दिवसभर उन्हात राहिल्यावर तीच कातडी लवकर भाजते.

• खोबरेल लावायचं असेल तर खुशाल लावावं. ते कातडी मऊ ठेवतं, बूच मात्र विरघळवत नाही. दह्याचंही तसंच. त्यात लॅक्टिक ॲसिड असतं, पण जेमतेम एका टक्क्याच्या आसपास. त्यापेक्षा ते भाकरीबरोबर खाल्लेलं बरं.

काय टाळावं

• घासणं. वजरी, विटेचा तुकडा, घोसाळ्याची जाळी, साखर-मीठ, सगळंच. कातडी खरचटली की ती स्वतःला वाचवायला आणखी जाड होते, म्हणजे आपण दाण्यांचीच सोय करतो. दिवाळीचं उटणं सोडायची गरज नाही. आधी भरपूर तेल, मग भिजवलेलं उटणं, आणि हात हलका.

पर्यटकांबरोबर अजिंठ्याच्या लेण्यांत गेलो की मला हेच आठवतं. भिंतीवरची चित्रं टिकावीत म्हणून हैदराबादच्या निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना इथे आणलं. त्यांनी निखळणारं प्लास्टर जागच्या जागी धरलं, ते काम मोलाचं. पण वर लाखेचा हात दिला, तो पुढे पिवळा पडला, काळवंडला, आणि तो काढताना पुढच्या पिढीच्या रसायनतज्ज्ञांचे हाल झाले. तो थर काढतानाही तासणी कामाची नव्हती. आधी मऊ केलं, मग टिपलं.

• नखाने, पिनेने दाणा फोडणं. आतून केस निघतो याचं समाधान मिळतं, मान्य. मागे डाग राहतो.

• लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट.

• गोणीतला युरिया. हसू नका, मला दोघांनी विचारलं आहे. रेणू तोच, हे खरं. पण खताच्या युरियावर 2015 पासून कडुनिंबाचं आवरण सक्तीचं आहे, त्यात बाययुरेट असतं, आणि तो अंगाला लावण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. मक्याचं मक्याला द्यावं.

• दुकानदाराने ‘खाज, फंगस, डाग, सगळ्याला एकच’ म्हणून हातात दिलेली ट्यूब. या मिश्रणांत बहुतेकदा क्लोबेटासोलसारखं जोरकस स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली जाते, लोक खूश होतात, नंतर कातडी पातळ होते आणि पांढरट रेषा पडतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याला आळा घातला. नियम कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर आहे.

• घट्ट बाहीचं ब्लाउज आणि पॉलिएस्टरचा शर्ट रोज घालणं. लग्नाच्या तोंडावर दंडाचं वॅक्सिंग करणंही. त्यातून आत वळणारे केस वाढतात.

• गरोदरपणी रेटिनॉइडचं (‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं) मलम. सॅलिसिलिक ॲसिडही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, आणि लहान मुलांच्या अंगभर तर नकोच.

• ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेणं. हे जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि जास्त झालं तर बाधतं.

हे दाणे वेगळे

मुलाच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर टोकदार, राकट दाणे आले असतील, पोर वाळलेलं असेल, संध्याकाळी धडपडत असेल, तर घरगुती मलम बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. याला फ्रिनोडर्मा म्हणतात, अर्थ ‘बेडकाची कातडी’. सिलोनमध्ये काम करणाऱ्या लुशियस निकोल्स यांनी 1933 मध्ये त्याचं वर्णन केलं. कारण आहाराचं आहे: ‘अ’ आणि ‘ब’ गटातली जीवनसत्त्वं आणि शरीराला स्वतः बनवता न येणारी स्निग्धाम्लं कमी पडतात. मराठवाड्यातल्या घाण्यावर निघणाऱ्या करडईच्या तेलात त्यांतलं लिनोलिक आम्ल भरपूर असतं, साधारण सत्तर टक्क्यांच्या वर. तरी करडई म्हणजे औषध नव्हे. तेल डॉक्टरच्या उपचाराला जोड म्हणून, आणि ताटात शेवगा, मेथी, अंडं हवंच.

घरात सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल तर ती खरूज. कडेने वाढत जाणारी गोल चकती असेल तर गजकर्ण. दाण्यांत पू, ठणका किंवा ताप असेल तर थांबूच नये.

दोन-तीन महिने नेमाने मलम लावूनही फरक नसेल तर संभाजीनगरला ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर निघावं. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, पिळून रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. ‘ती पिवळ्या डबीतली’ एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही.