वजनावर लक्ष ठेवणाऱ्यांसाठी पोटभरीची न्याहारी

उद्यापासून सकाळचे खाणे बंद, फक्त चहा आणि दोन बिस्किटे! वजन कमी करायचे ठरवले की आपल्यापैकी बरेच जण सुरुवात इथूनच करतात. पहिले दोन-तीन दिवस हुरूप असतो. मग अकराच्या सुमाराला पोटात कावळे ओरडू लागतात. ऑफिसखाली वडापावची गाडी असते, घरात फरसाणाचा डबा असतो, आणि सकाळी जे वाचवले ते एका बैठकीत खर्च होते. त्यानंतर आपण स्वतःलाच बोल लावतो, ‘माझ्यात संयमच नाही.’ पण संयमाला नावे ठेवण्याआधी सकाळी ताटलीत काय होते, ते एकदा पाहायला हवे.

न्याहारी केलीच पाहिजे का?

‘सकाळी राजासारखे खा’ हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की न्याहारी केली म्हणजे वजन आपोआप उतरते, असेच वाटू लागते. तसे नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी १३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला आणि तो २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात न्याहारी करणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात सरासरी २६० कॅलरी जास्तच गेल्याचे दिसले. म्हणून सकाळी तुम्हाला भूकच लागत नसेल आणि दुपारच्या जेवणापर्यंत तुम्ही मजेत राहत असाल, तर वजन कमी करण्यासाठी म्हणून जबरदस्तीने खाण्याची गरज नाही.

हा लेख अकरा वाजता भूक लागणाऱ्यांसाठी आहे. आणि तुम्ही इथपर्यंत वाचले आहे, म्हणजे बहुधा तुम्ही त्यांपैकीच आहात.

पोट कशाने भरते?

१९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण गमतीदार प्रयोग केला. त्यांनी ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा केला, तो लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास त्यांना पोट किती भरलेले वाटते ते विचारले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर लोणी घालून केलेल्या क्रोसाँ या पावाला ४७ मिळाले, दलियासारख्या शिजवलेल्या ओट्सला २०९ आणि उकडलेल्या बटाट्याला ३२३. बटाटा पहिला आला! ज्या बटाट्याला आपण वजनवाढीचा गुन्हेगार ठरवले, तो नुसता उकडून खाल्ला तर सर्वांत जास्त पोट भरतो. गुन्हा बहुतेक वेळा तळणीच्या कढईत होतो.

या प्रयोगातून जे दिसले ते थोडक्यात असे: ज्या पदार्थात पाणी, चोथा आणि प्रथिने जास्त, तो पोटात टिकतो. ज्यात तूप-तेल जास्त, तो लहानशा घासात पुष्कळ कॅलरी देतो पण भूक तेवढी भागवत नाही. एक ग्रॅम पिठूळ पदार्थ किंवा प्रथिने ४ कॅलरी देतात, तर एक ग्रॅम तेल ९.

पाण्याची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात १९९९ मध्ये असे दिसले की भात-भाज्यांसोबत ग्लासभर पाणी पिण्यापेक्षा तेच पाणी त्या पदार्थात घालून सूप केले, तर त्यानंतरच्या जेवणात लोक कमी खातात. आपल्याकडे आंबील, पेज, कढण हे प्रकार कितीतरी आधीपासून आहेत. वजनाच्या काळजीत सकाळी गरम पाणी पिणाऱ्यांनी त्यातले थोडे पाणी पेजेत घालून पाहावे.

पोह्यांचा हिशेब

मी वाणिज्य शाखेत शिकतो, त्यामुळे कोणतीही गोष्ट जमा-खर्चाच्या दोन रकान्यांत मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. चला, घरातल्या पोह्यांची बशी मांडू.

एका माणसाचे सुमारे ७० ग्रॅम पोहे, फोडणीला तीन लहान चमचे तेल, वरून मूठभर शेव. सगळे मिळून साधारण साडेचारशे कॅलरी होतात आणि त्यात प्रथिने जेमतेम ७ ग्रॅम. ही बशी नऊ वाजता खाल्ली तर अकराला भूक लागणारच, कारण त्यात बहुतेक सगळा पिठूळ पदार्थ आणि तेल आहे.

आता दुसरी बशी. पोहे ४० ग्रॅम, म्हणजे भिजवण्यापूर्वी एक लहान वाटीभर. त्यात वाफवलेली मोड आलेली मटकी एक वाटी (कोरडी मटकी ३० ग्रॅम), मूठभर मटार किंवा किसलेले गाजर, १० ग्रॅम शेंगदाणे, एक लहान चमचा तेल. शेव नाही. सोबत एक वाटी दही. कॅलरी सव्वाचारशेच्या आसपास, म्हणजे पहिल्या बशीपेक्षा फारशा कमी नाहीत. पण प्रथिने १५ ग्रॅम, चोथाही कितीतरी जास्त, आणि बशी दिसायला मोठी.

मग फायदा काय झाला, असे तुम्ही विचाराल. फायदा नऊ वाजता होत नाही, तो अकरा वाजता होतो. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात. पोट भरलेले असेल तर त्या गाडीवरून सरळ पुढे जाता येते आणि त्यासाठी मनाशी झगडावे लागत नाही. न्याहारीत काटकसर करून आपण जे पन्नास-शंभर वाचवतो त्यापेक्षा ही बचत मोठी आहे.

पोह्यांवर लिंबू पिळायला विसरू नका. लिंबातले क जीवनसत्त्व धान्य-कडधान्यांतले लोह शरीरात शोषून घ्यायला मदत करते. चहा मात्र उलट काम करतो, म्हणून तो न्याहारीबरोबर न घेता तासाभराने घेतलेला बरा. हे विशेषतः ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी पाळावे.

हाच हिशेब उपम्याला लावा: रवा निम्मा, भाज्या दुप्पट, आणि हरभऱ्याची डाळ फोडणीपुरती न घालता भिजवून मूठभर. कांदा खात नसाल तर कोबी चालतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दिवसभरातल्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त कॅलरी धान्यांतून येऊ नयेत असे म्हटले आहे. आपली न्याहारी बहुतेक वेळा सगळीच धान्याची असते.

डाळीची धिरडी आणि टोमॅटो ऑम्लेट

माझ्या मते वजन सांभाळणाऱ्यांसाठी मुगाच्या धिरड्याला तोड नाही. ५० ग्रॅम सालाचे हिरवे मूग रात्री भिजवायचे, सकाळी आले, मिरची, जिरे घालून वाटायचे आणि तव्यावर पसरायचे. दोन मोठी धिरडी होतात आणि नुसत्या मुगातूनच १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. आंबवण्याची भानगड नाही. तवा चांगला तापलेला असेल तर दोन धिरड्यांना मिळून एक लहान चमचा तेल पुरते. पिठात किसलेला दुधी किंवा चिरलेला पालक मिसळला तर मुलांना कळतही नाही.

सकाळी मिक्सर लावायलाही वेळ नसेल तर बेसनाचे पोळे, ज्याला आपण गमतीने टोमॅटो ऑम्लेट म्हणतो. ४० ग्रॅम बेसन, एक टोमॅटो, कोथिंबीर, ओवा, हळद. दहा मिनिटांचे काम. सोबत पाव मात्र नको, काकडीची कोशिंबीर घ्या.

थालीपीठही चांगले, कारण भाजणीत ज्वारी-बाजरीबरोबर हरभरा डाळ आणि उडीदही असतात. फक्त थालीपिठाला मधे पाडलेल्या भोकांत आपण किती सढळ हाताने तेल सोडतो, ते एकदा चमच्याने मोजून पाहा. आणि लोण्याचा गोळा लिंबाएवढा नको, सुपारीएवढा पुरे.

तुम्ही जिथे राहता तिथले

आपले वाचक महाराष्ट्राबाहेरही पुष्कळ आहेत. त्यांनी दरवेळी पुण्या-नाशिकचीच न्याहारी केली पाहिजे असे नाही, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातही डोकवावे.

हैदराबादेत राहत असाल तर पेसरट्टू म्हणजे आपल्या मुगाच्या धिरड्याचा सख्खा भाऊ. तो घ्या, पण त्याच्या पोटात भरलेला उपमा टाळा. बंगळुरूकडे नाचणी घरोघरी असते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हा-तांदळाच्या कितीतरी पट. दोन मोठे चमचे पीठ पाण्यात कालवून शिजवायचे, गार झाल्यावर ताक, मीठ, जिरेपूड घालायची. पण नाचणीत प्रथिने बेताचीच असतात, म्हणून आंबिलीसोबत मूठभर भाजलेले फुटाणे चावून खा.

बिहारमधल्या सत्तूबद्दल तर मला मनापासून आदर वाटतो. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, ३० ग्रॅम सत्तू, एक मोठा ग्लास पाणी, लिंबू, काळे मीठ, भाजलेले जिरे, आवडत असेल तर बारीक चिरलेला कांदा. गॅस पेटवावा लागत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींसाठी यापेक्षा सोपे आणि स्वस्त काही नसेल. यातून ६ ते ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. एक फळ जोडले की सकाळ भागते.

इंदूरकरांचे काय? तिथले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेल बेताचे असते. पोह्यांबद्दल तक्रार नाहीच. शेव अर्धी करा आणि जिलबी रविवारपुरती ठेवा, एवढे म्हणूनच मी थांबतो.

इडली खाणाऱ्यांनी एक साधा बदल करावा. चार इडल्या आणि वाटीभर सांबार याऐवजी दोन इडल्या आणि दोन वाट्या दाट सांबार. डाळ आणि भाज्या सांबारात असतात.

उपवासाची सकाळ

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिने नाहीत. त्यात दाण्याचे कूट आणि तूप पडले की खिचडीची एक बशी पाचशेच्या घरात जाते. कित्येकांचे वजन उपवासाच्या दिवशीच वाढते ते यामुळे. त्याऐवजी उकडलेले रताळे किंवा बटाटा, जिरे-मिरची लावलेले वाटीभर दही आणि काकडी घ्या. तुमच्या घरी उपवासाला राजगिरा चालत असेल तर त्याची दुधातली पेजही छान लागते, साखर न घालता.

डब्यांवरच्या मोठ्या अक्षरांविषयी

‘डायजेस्टिव्ह’ हे नाव वाचून बिस्किटे हलकी वाटतात. एका मोठ्या बिस्किटात ७०च्या आसपास कॅलरी असतात, चार खाल्ली की जवळजवळ एका वडापावाएवढे झाले. फळांचा रस पिण्यापेक्षा फळ चावून खावे. ओट्स घ्यायचे तर साधे घ्या, मसाल्याच्या पाकिटातले नकोत. आणि चहा: दिवसाचे तीन कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहणे चांगले म्हणते. आधी दीड चमच्यावर या, मग एकावर.

सगळ्यांना वाढून झाल्यावर

घरात एक व्यक्ती अशी असते जिची न्याहारी कोणीच मोजत नाही. सगळ्यांचे डबे भरून झाले की कढईला लागलेले पोहे, मुलाने टाकलेला अर्धा पराठा, आणि तिसरा चहा. हे सगळे उभ्याउभ्याच, साडेदहा-अकरा वाजता. पुढे वजन वाढले की तिलाच ऐकवतात, ‘घरीच तर असतेस, थोडे चालत जा.’

ताई, हे वाचत असाल तर एवढेच करा: पोहे किंवा धिरडे झाले की सर्वांत आधी स्वतःची बशी काढून झाकून ठेवा, आणि उरलेले खाण्याआधी ती संपवा. बसून. उरलेले पराठ्याचे तुकडे दुपारी कोणीतरी खाईल, ते तुम्हीच खाल्ले पाहिजेत असे नाही. आणि दादा, तुम्ही वाचत असाल तर आठवड्यातून तीन दिवस मटकी भिजवण्याचे काम तुमच्याकडे घ्या. त्याला स्वयंपाक यावा लागत नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर न्याहारीची वेळ आणि त्यातले डाळींचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदला.

मटकीचे वेळापत्रक

मटकी सकाळी कामावर जाताना भिजत घाला. आठ-दहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी परतल्यावर, पाणी काढून ती ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधा आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच मोड दिसतात, थंडीत आणखी एक रात्र लागते. तीन दिवसांची एकदम करून फ्रीजमध्ये ठेवता येते. खाण्यापूर्वी पाच-सात मिनिटे वाफवा, विशेषतः पावसाळ्यात कच्ची खाऊ नका.